वेढे मोजताना बोलायचं नसतं

शांतवन हौशीराम पारधे चार वर्षं पुण्याच्या सेमिनरीत शिकून, पदवीची गुंडाळी बगलेत मारून १९९७ च्या मे महिन्यात मंचरच्या स्टँडवर उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर पुस्तकांनी भरलेली एक लोखंडी पेटी होती. निरगुडसरच्या जीपवाल्याने ती टपावर चढवताना दोनदा कंबर धरली.

"पावणं, आत नांगराचे फाळ भरल्यात का काय?"

"पुस्तकं आहेत."

"येवढी? समदी वाचली?"

"हो, सगळी."

"मंग आता घरी कशाला न्हेताय?"

चार वर्षांत एकाही प्राध्यापकाने शांतवनला इतका अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. तो पेटीशेजारी टपावरच बसून गावी आला.

पदवी मिळाली म्हणजे माणूस पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू, झाला, असं नसतं. आधी एक वर्ष उमेदवारी करायची. घरोघर जायचं, उपासना चालवायची, उपदेश करायचा. वर्ष सरत आलं की मंडळीच्या पाच पंचांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहायचं की हा माणूस आम्हाला पाळक म्हणून पाहिजे. पाचही जणांनी सही केली तरच दीक्षा. चार सह्या म्हणजे शून्य सह्या. शांतवनच्या वर्गातले बाकीचे सगळे मुंबईकडे नाहीतर नगरकडे डोळे लावून बसले होते. याला मात्र आपलीच मंडळी हवी होती. निरगुडसर, अवसरी बुद्रुक आणि आसपासच्या वाड्या मिळून बावीस घरं, पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनामंदिर आणि आवाज फाटलेली एक घंटा. लहानपणी तीच घंटा ओढताना त्याने मनाशी ठरवलं होतं की आपण इथेच उभं राहून बोलायचं. ते पत्र मिळालं नसतं तर त्याला कुठेतरी कारकुनी शोधावी लागली असती, आणि ही गोष्ट त्याची आई कोंडाबाई रोज भाकरी थापताना त्याला एकदा तरी ऐकवायची.

वडिलांचा, म्हणजे हौशीरामचा, हिशेब निराळा होता. त्याचं गावातल्याच स्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, गिरण्या, पंखे, सगळं त्याच्याकडे यायचं. पोरगा दहावी झाला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने पाटीवर 'अँड सन' रंगवून घेतलं होतं. पोरगा सेमिनरीला गेला, तेव्हा त्याने त्यावर पांढरा हात मारला. रंग पातळ होता. दुपारच्या उन्हात 'अँड सन' अजून वाचता यायचं.

पहिल्या रविवारी शांतवनने एका ग्रीक शब्दाची चाळीस मिनिटं फोड केली. वर पत्रा तापलेला, खाली माणसं घामाने निथळतायत, आणि हा त्या शब्दाचं मूळ, धातू, प्रत्यय सांगतोय. पंचांचा सेक्रेटरी सावळेराम पहिल्याच बाकावर बसून डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याची मान अधूनमधून होकार देत खाली जात होती. उपासना सुटल्यावर जो तो म्हणाला, "लई भारी बोलला राव." काय बोलला, असं कोंडाबाईने विचारलं तेव्हा मात्र प्रत्येकाला घरी काम निघालं.

खरी नाराजी उपदेशाची नव्हतीच. उपदेश कळला नाही तर लोक रागावत नाहीत, उलट थोडे खूशच असतात. नाराजी होती घरच्या प्रार्थनेची.

आधीचे पाळक एकतीस वर्षं राहून, निवृत्त होऊन लेकाकडे नाशिकला गेले होते. त्यांना ना ग्रीक येत होतं, ना हिब्रू. उपदेश ते दर वर्षी तेच बावन्न करायचे. पण घरी आले, चहा झाला, डोळे मिटले की ते सगळ्यांची नावं घ्यायचे. घरधनी, घरधनीण, पोरंबाळं, सासरी दिलेली लेक, तिची सासू, गोठ्यातली म्हैस, विहिरीवरची मोटार. कुणाचं नाव सुटायचं नाही. मोटारीचं नाव निघालं की हौशीराम तेवढा आमेन जरा हळू म्हणायचा, इतकाच काय तो मंडळीत मतभेद.

शांतवनची प्रार्थना जगभर फिरून यायची. युद्धात होरपळलेले देश, निर्वासितांच्या छावण्या, विरत चाललेला ओझोनचा थर. मंडळीतल्या जानकूच्या घरी तो गेला तेव्हा जानकूची जर्सी गाय तीन दिवस चारा टाकून पडली होती. शांतवनने ओझोनसाठी कळवळून प्रार्थना केली आणि चहा पिऊन तो निघून आला.

"गाय कुठं आली त्यात?" जानकूने दुसऱ्या दिवशी कोंडाबाईला विचारलं.

कोंडाबाईने घरी येऊन लेकाची हजेरी घेतली. "आरं, देवाला तुजा वझोन ठावं हाय. जानकूच्या गायीचं सांगायचं व्हतं. लोकं तुला कशाला बलावत्यात? आपलं नाव वर पोचावं म्हून."

शांतवन मनाचा मोकळा. चूक पटली की सुधारायला लागायचा, आणि सुधारायला लागला की थांबायचा नाही. सेमिनरीत प्रबंध लिहिताना त्याला टिपणांची कार्डं करायची सवय लागली होती. त्याने मंचरहून पांढऱ्या कार्डांचे गठ्ठे आणले आणि घरागणिक एक कार्ड केलं. वर कुटुंबाचं नाव, खाली माणसं, त्याखाली जनावरं, आणि सगळ्यात खाली, लाल रेघेच्या खाली, 'विशेष विनंती'. दारोदार जाऊन तो विचारू लागला, "कशासाठी प्रार्थना करू? मनातलं सांगा. मोकळेपणानं सांगा."

लोकांना इतकं अगत्याने पूर्वी कुणी विचारलं नव्हतं. आधी बिचकले, मग हळूहळू सांगू लागले. सावळेराम मंडळीच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष. त्याने शांतवनला गोठ्यामागे नेऊन बनियनच्या आतल्या खिशातली तंबाखूची डबी दाखवली. अठरा वर्षं सुटत नव्हती. जानकूने कबूल केलं की टीव्ही बिघडलेला नाही. बायकोच्या मालिका सहन होईनात म्हणून त्याने स्वतःच फ्यूज काढून ज्वारीच्या कणगीत टाकला होता, आणि आता खोटं बोलल्याचं ओझं वाटत होतं.

आणि कुशाबाईने सांगितलं.

कुशाबाई म्हणजे मंडळीची शान. वय सत्तरच्या पुढे, पाच पंचांमधली एकटी बाई, आणि तीस वर्षं रविवारचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, तिचंच. काठ नीट सावरून पुढे यायची, चष्मा लावायची, जाडजूड शास्त्र उघडायची आणि असं वाचायची की पाळण्यातली पोरं रडायची थांबत. एकही अडखळ नाही. मधे एकदा सोप्या मराठीतलं नवं भाषांतर मंडळीने आणलं, पण कुशाबाई वाचायला उभी राहिली की त्यातूनही जुनेच शब्द निघायचे. जुन्या माणसाला जुनंच दिसतं, असं म्हणून लोक कौतुकाने हसायचे.

"शांतवन," ती त्याला चुलीपुढे बसवून म्हणाली, "मला अक्षर येत न्हाई रं. एकबी न्हाई. आमचे ह्ये व्हते तवा रोज सांजच्याला वाचून दावायचे. त्ये ऐकून ऐकून बसलं डोक्यात. ह्ये गेले, आन् लोकं म्हणली आता तू वाच. नाय म्हणायची लाज वाटली. तवापून आसंच चाललंय. पण मला एकदा, खरंच बगून, एक वळ तरी वाचायची हाय. तेवडं सांग देवाला."

शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिचा हात धरला, आणि घरी येऊन तिच्या कार्डावर, लाल रेघेच्या खाली, ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सेमिनरीत समुपदेशन नावाचा विषय होता. शांतवनला त्यात शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर गुण होते. विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवावं, यावर एक अख्खा तास झाला होता. त्या दिवशी तो अवसरीला चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढत होता.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सावळेरामच्या पडवीत कुटुंब प्रार्थना होती. बावीस घरांतून पन्नासेक माणसं जमली. शांतवनने आठवडाभर घोकून कार्डं पाठ केली होती, कारण डोळे मिटल्यावर कार्ड दिसत नाही. आज तो एकही नाव सोडणार नव्हता. आज लोकांना कळणार होतं की आपला पाळक आपल्याला ओळखतो.

आमच्याकडे प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडत नाही आणि मधे बोलत नाही. ही फार चांगली रीत आहे. त्या दिवशी तिने शांतवनचा घात केला.

"हे प्रभू," तो सुरात म्हणाला, "सावळेरामभाऊंना बळ दे. अठरा वर्षांची तंबाखू सोडव. बनियनच्या आतल्या खिशातल्या त्या डबीचा मोह दूर कर."

सावळेरामच्या बायकोचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. शांतवनला वाटलं, प्रार्थना काळजाला भिडतेय. त्याचा आवाज चढला.

"जानकूभाऊंना क्षमा कर. ज्वारीच्या कणगीतला तो फ्यूज परत टीव्हीत बसवण्याचं धैर्य दे."

कोंडाबाई खोकली. मग पुन्हा, मोठ्यांदा. आईला बरं नाही असं समजून त्याने तिच्या खोकल्यासाठीही दोन वाक्यं घातली.

"आणि प्रभू, आमच्या कुशामावशी. तीस वर्षं त्यांनी अक्षर न ओळखता तुझं वचन आम्हाला ऐकवलं. या वयात तरी त्यांना वाचता येऊ दे."

शांतवनने आणखी चौदा घरं घेतली, तीन म्हशी घेतल्या, आणि आमेन म्हणून डोळे उघडले. पन्नास माणसांत आमेन म्हणाली ती एकटी कुशाबाई. स्पष्ट आवाजात म्हणाली. मग उठली, चपला शोधून पायात घातल्या आणि अंधार पडायच्या आत घरी गेली. सावळेरामच्या घरचा चहा कुणी घेतला नाही.

तेव्हा कुठे शांतवनला कळलं.

त्यानंतर आंबेगाव तालुक्यात एक नवल घडलं. बावीस घरांत कुणाला कसलंही दुःख उरलं नाही. शांतवन जाईल तिथे लोक दारातच सांगू लागले, "लई बरंय. समदं बरंय." गुडघे दुखायचे थांबले, सुना गुणी झाल्या, पोरं पास झाली. जानकूची गाय खंगून गेली त्या दिवशीही जानकू म्हणाला, "कायबी न्हाई झालं, आमी मजेत." सावळेरामने पत्राचा विषय निघताच सांगून टाकलं, "बगू. लिवायला काय हाय? पण काय लिवायचं त्ये बगू."

कुशाबाईच्या दारात शांतवन तीनदा गेला. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं? मला कुटं काय झालंय?" असं म्हणून ती पाखडत राहिली. तीनही वेळा तांदळात तिला वेचायला खूप खडे सापडले.

रविवारी ती मागच्या बाकावर बसू लागली. वाचायला पुढे आली नाही. कॉलेजात जाणाऱ्या दोन-तीन जणींनी पाळीपाळीने वाचून पाहिलं. बिनचूक वाचलं, पण ती तान्ही पोरं काही गप्प राहिनात.

जानेवारीत उन्हाळी कांदा आणि टोमॅटोला पाणी देण्याची घाई सुरू झाली. विजेचा दाब कमी, त्यामुळे मोटारी पटापट जळू लागल्या. हौशीरामच्या दुकानापुढे रांग लागली. घरोघर कुणी विचारत नाही, दिवसभर करायचं काय, म्हणून शांतवन एक दिवस दुकानात जाऊन बसला. हौशीरामने त्याच्याकडे फर्मा, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, आणि तांब्याची तार सरकवली.

काम तसं सोपं. फर्म्याच्या दांड्याला हात घालून फिरवायचं, तार गुंडाळत जायची. एका कॉइलला बासष्ट वेढे म्हणजे बासष्ट. साठ झाले तरी मोटार बिघडणार, चौसष्ट झाले तरी. म्हणून वेढे मोजताना बोलायचं नाही. तोंड उघडलं की आकडा गेला, आणि आकडा गेला की सगळी तार उलगडून पहिल्यापासून.

आणि गंमत अशी की मोटार घेऊन येणारा माणूस नुसता मोटार ठेवून जात नाही. तो समोरच्या स्टुलावर बसतो. मोटार का जळाली ते सांगतो. मग विहीर कुणाबरोबर सामाईक आहे ते सांगतो. मग भाऊ कसा वागतो ते सांगतो. समोरचा माणूस तार फिरवतोय, मान खाली आहे, उत्तर देत नाही, सल्ला देत नाही. मग सांगणाऱ्याला आणखी सुचत जातं.

पहिल्याच दिवशी मंचरचा राजमहंमद गिरणीची मोटार घेऊन आला. त्याच्या मुलीला, मनालला, पुण्याला शिकायला जायचं होतं, आणि त्याची आई चांदबी नको म्हणून हटून बसली होती. "हौशीरामभाऊ, आईचं ऐकू का पोरीचं?" असं तो हौशीरामला विचारत होता. सत्तेचाळिसाव्या वेढ्याला शांतवनला राहवलं नाही. त्याने हात थांबवून तीन मुद्द्यांत उत्तर दिलं, दुसऱ्या मुद्द्याचे दोन पोटविभाग केले. राजमहंमदने ऐकून घेतलं, "बराबर हाय" म्हणाला, आणि विषय बदलून पिठाच्या चाळणीवर गेला.

"किती झाले?" हौशीरामने विचारलं.

शांतवन तारेवरचे वेढे बोटाने मोजू लागला.

"उलगड."

त्या आठवड्यात त्याने सहा कॉइली उलगडल्या. शेवटी वैतागून तो म्हणाला, "आबा, या मशीनला आकडा दाखवणारा काटा असतो ना? तुमचा मोडलाय. तालुक्याच्या मोटारी दुरुस्त करता, स्वतःचा काटा का बसवत नाही?"

"बसवला तर बोलावं लागंल," हौशीराम म्हणाला.

शांतवनने मान वर केली. वडिलांना तो जन्मापासून अबोल समजत आला होता. चार वर्षं वसतिगृहातल्या मित्रांना तो सांगायचा की आमचे आबा साधे कारागीर, त्यांना बोलता येत नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना त्याने धीर करून विचारलं, "आबा, कुशामावशीचं तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं."

"कधीपासून?"

"वीस वर्सं झाली आसतील. मिक्सर घिऊन आली व्हती."

"आईलाही बोलला नाही?"

हौशीरामने शटर अर्धं ओढलं. "तार गुंडाळीत व्हतो," तो म्हणाला.

शांतवन त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती सगळी पांढरी कार्डं आईच्या चुलीत घातली आणि नीट जळेपर्यंत तिथेच बसला. कोंडाबाईने त्यावर आंघोळीचं पाणी तापवून घेतलं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. त्याचे बासष्ट वेढे आता बासष्टच भरू लागले. लोक हौशीरामशी बोलता बोलता त्याच्याही समोर बोलू लागले, कारण दुकानात तो पाळक नव्हता, तार गुंडाळणारा होता. सावळेराम जळालेली मोटार घेऊन आला आणि अर्धा तास बसला. काय बोलला ते मला माहीत नाही. जानकू दोनदा येऊन गेला, एकदा तर मोटार नसतानाच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, कुशाबाई दुकानात आली. पदराखाली टेबल फॅन होता. हौशीराम अवसरीला कुणाची मोटार बसवायला गेला होता. शांतवन एकटाच फर्म्यापुढे बसला होता, आणि त्याचा हात एकवीसवर होता.

"बस, बस, उठू नगंस," ती म्हणाली. "आकडा जाईल." आणि फॅन मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

मग ती बोलली. पाऊण तास बोलली. शांतवनची कॉइल भरली, त्याने मान वर न करता दुसरी घेतली, तीही भरली, तिसरी लावली. एकदा तिचा आवाज दाटला, तेव्हा त्याचा हात नुसता सावकाश झाला. एकदा ती हसली. शेवटी तिने डोळे पुसले, फॅन टेबलावर ठेवला, आणि "बग जरा याचं" म्हणून निघून गेली.

हौशीराम परत आला. तो पाणी प्याला, त्याने टोपीने वारा घेतला, टेबलावरचा फॅन पाहिला.

"कुशाबाई आलती का? काय म्हणत व्हती?"

शांतवनचा हात एकोणसाठवर होता. त्याने साठ, एकसष्ट, बासष्ट पुरे केले, तार तोडली, गाठ मारली. मग म्हणाला, "पंखा आवाज करतो म्हणत होत्या."

हौशीरामने फॅनची पिन बोर्डात घातली आणि बटण दाबलं. फॅन गरगर फिरू लागला. जरासाही आवाज नव्हता. हौशीराम बराच वेळ त्या वाऱ्यात उभा राहिला. मग त्याने पिन काढली, फॅन फडक्याने पुसला आणि म्हणाला, "बराय. संध्याकाळी न्हेऊन दे. म्हणावं, झाला."

पाटीवरच्या 'अँड सन'वर दुसरा हात मारायला त्याने पांढऱ्या रंगाचा एक डबा आणून ठेवला होता. तो त्याने त्याच आठवड्यात पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणासाठी प्रार्थनामंदिराच्या खिडक्यांना लावून संपवला.

कुशाबाई त्या दिवशी काय बोलली, हे मी शांतवनला पुढे कितीदा तरी विचारलं आहे. आता तो दहा वर्षांचा मुरलेला पाळक आहे, डोक्यावरचे केस विरळ झाले आहेत, मी त्याचा जुना मित्र आहे. तरीही तो म्हणतो, पंखा आवाज करत होता. मला याचा राग येतो. कधीकधी वाटतं, ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी जो शांतवन होता तो माझ्या जास्त उपयोगाचा होता.

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारी दुपारी प्रार्थनामंदिरात पंचांची बैठक बसली. पत्र लिहिण्याचा तो शेवटचा दिवस होता. शांतवनला बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं, आणि आतलं सगळं त्याला दिसत होतं. त्याचे हात इतके गार पडले होते की तो ते एप्रिलच्या उन्हात धरून बसला होता.

वरच्या कार्यालयाचा छापील फॉर्म होता. सावळेरामने मोठ्याने वाचत वाचत तो भरायला घेतला. डबीची जागा आता बडीशेपेने घेतली होती, असं तो सांगत असे, आणि आमचा त्याच्यावर विश्वास आहे.

"सेवेची तयारी, कुटं आन् किती काळ. शांतवन, काय लिवू?"

"सेमिनरी, पुणे. चार वर्षं," शांतवन बाहेरून म्हणाला. मग घुटमळून म्हणाला, "आणि वाइंडिंगचं दुकान, निरगुडसर. तीन महिने."

"त्ये कशाला? वरची लोकं हसत्याल."

"लिव, लिव," जानकू म्हणाला. तोही पंच होता. "हसू दे की."

सावळेरामने लिहिलं. मग सही केली. जानकूने केली, दुसऱ्या दोघांनी केली. चार झाल्या. कागद फिरून कुशाबाईपुढे आला आणि सगळे एकदम छताच्या पत्र्याकडे पाहू लागले.

तीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. सहीची वेळ आली की कुशाबाई म्हणायची, चष्मा घरी राहिला, सावळेराम, तू कर माझी. आणि सावळेराम तिच्या नावाची सही ठोकून द्यायचा. आजही तिची अब्रू जपायला त्याने घाईघाईने पेन उचललं.

"मावशी, चष्मा घरी ऱ्हायला आसंल ना? मी करतो तुमची."

"चष्मा हाय की," कुशाबाई म्हणाली, आणि तो कमरेच्या पिशवीतून काढून तिने डोळ्याला लावला. "शाईचा पॅड काड."

सावळेरामने कपाटातून पॅड काढला. तो वाळला होता, त्यावर जानकूने पाण्याचे दोन थेंब टाकले. कुशाबाईने डाव्या हाताचा अंगठा त्यावर दाबला, मग चार सह्यांच्या खाली कागदावर उमटवला. वाकून, चष्म्यातून, नीट उमटला का ते पाहिलं. बाकीचे चारही पंच पाहत होते, आणि बाहेरून शांतवन पाहत होता.

मग ती शाईचा अंगठा पदराला लागू नये म्हणून वर धरून ओट्यावर आली.

"उद्या वाचन कंचं हाय?" तिने विचारलं.

शांतवनने तिला अध्याय सांगितला. तेवढाच सांगितला, पुढे एक शब्द बोलला नाही.